कोणाचे बोलणे ऐकायचे आहे? : श्रवणयंत्राच्या अभ्यासाची प्रस्तावना

घरात कानाची मशीन आली की ऐकण्याचा प्रश्न मिटला, अशी आपल्याकडे सर्रास समजूत असते. मशीन चालू असते, सेल नवा असतो, पैसेही चांगले मोजलेले असतात. तरी महिन्याभरात ती कपाटात जाते. विचारले तर आजोबा ‘नुसता गलका ऐकू येतो’ एवढेच सांगतात. घरच्यांना वाटते आजोबा हट्टी, विकणाऱ्याला वाटते यांना सवय नाही, आणि आजोबांना वाटते मशीनच खोटी. तिघांच्याही म्हणण्यात थोडेथोडे तथ्य असेल. पण हे यंत्र त्यांच्या कानाच्या आणि त्यांच्या रोजच्या दिवसाच्या मापाने लावले होते का, हे कोणी पाहिलेलेच नसते. ते कसे पाहावे याचे एक रीतसर शास्त्र आहे. त्याची ओळख मराठी वाचकांना व्हावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

हा विषय मूठभर लोकांचा आहे, असे वाचकांनी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात दीडशे कोटींहून अधिक माणसांना कमी-अधिक प्रमाणात ऐकू कमी येते. त्यांपैकी सुमारे ४३ कोटींची अडचण उपचार किंवा पुनर्वसन लागावे एवढी मोठी आहे, आणि २०५० पर्यंत एकूण आकडा अडीचशे कोटींच्या घरात जाईल असा अंदाज आहे. आपल्या विनोदात बहिऱ्या माणसाला हमखास जागा असते, पण त्याची अडचण घरातही कोणी नीट विचारत नाही. ‘वय झालं, कान जड झाले’ असे म्हणून विषय संपतो. खरे तर विषय तिथून सुरू व्हायला हवा.

या प्रस्तावनेत जालन्याच्या मस्तगड परिसरातला वाचक मुद्दाम डोळ्यांसमोर ठेवला आहे, कारण ऐकणे नेहमी कुठल्या तरी जागेत घडते. निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने १७२५ मध्ये जालन्याचा किल्ला बांधला; त्यातला बालेकिल्ला म्हणजे मस्तगड. आत दालने आणि सज्जे असलेली मोठी विहीर हे त्याचे वैशिष्ट्य. जाड दगडी भिंतींच्या बंदिस्त जागेत आवाज घुमतो आणि एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर चढते. धडधाकट कान त्यातून वाट काढतो, पण कमी ऐकणाऱ्या माणसाला तिथे यंत्र लावूनही बोलणे उकलत नाही. आजची फरशी-काँक्रीटची घरे आणि मंगल कार्यालये या बाबतीत जुन्या दगडी वास्तूंहून फार वेगळी नाहीत. त्यात अरुंद रस्त्यांवरचे हॉर्न, धुळवडीच्या हत्ती रिसाल्याची मिरवणूक, लग्नातला डीजे आणि दिवसभराची बाजारपेठ मिळवा. शांत खोलीत उत्तम चालणारे यंत्र या सगळ्यात कसे वागेल, हा प्रश्न दुकानात सुचत नाही. तो आधीच विचारून ठेवावा लागतो.

जालन्याला या विषयाशी बांधणारे आणखी एक कारण म्हणजे पोलाद. सळयांच्या रोलिंग मिलमुळे हे शहर देशभर ओळखले जाते, आणि जिथे पोलाद वळते तिथे आवाज असणारच. आपल्या कारखाने नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा धरली आहे. मोठ्या आवाजाने येणारा बहिरेपणा कायद्याने सरकारला कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांत मोडतो. हे नुकसान बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे वरच्या पट्टीत सुरू होते. वयाने जड होणारे कानही बारीक, वरच्या पट्टीतल्या आवाजांनाच आधी मुकतात. म्हणून मिलमधून निवृत्त झालेला कामगार आणि मिलचे तोंडही न पाहिलेली त्याची सासू, दोघांची तक्रार पुष्कळदा एकच निघते: ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही.’

या तक्रारीत सगळ्या विषयाची किल्ली आहे, म्हणून वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. आपल्या बोलण्यात स्वरांचा आवाज भरदार आणि खालच्या पट्टीतला असतो. स, श, ट, क यांसारखी व्यंजने क्षीण आणि वरच्या पट्टीत झुकलेली असतात. आता ताक, ताट, ताप, तास हे चार शब्द घ्या. वरची पट्टी हरवलेल्या कानाला चारही ठिकाणी फक्त ‘ता’ पोचतो. पुढचे अक्षर माणूस अंदाजाने भरतो. सून विचारते, ‘ताक देऊ का?’ सासरे म्हणतात, ‘नाही गं, कालच उतरला.’ घर हसते. पण सासऱ्यांचे डोके शाबूत आहे. त्यांनी हाती आलेल्या अर्ध्या शब्दावरून शक्य तेवढे शहाणे उत्तर दिले आहे. अशा कानाला सगळाच आवाज सरसकट वाढवून दिला तर आधीच ऐकू येणारा ‘आ’ अंगावर येतो आणि हरवलेला ‘क’ त्याखाली दबतो. ‘नुसता गलका’ म्हणतात तो हा.

दुसरी गुंतागुंत त्याहून चमत्कारिक आहे, आणि तीही घरोघरी ठाऊक आहे. हळू बोलले तर ‘काय?’ आणि जोरात बोलले तर ‘ओरडतोस कशाला?’ हा वाकडेपणा नव्हे. कानाच्या आतल्या शंखात सूक्ष्म केस असलेल्या पेशी असतात. क्षीण आवाज वाढवून घेणाऱ्या पेशी निकामी झाल्या की हळू आवाज हरपतात, पण मोठ्या आवाजाची सोसण्याची हद्द होती तिथेच राहते. ऐकू येणे आणि सोसवेनासे होणे यांमधली जागा अशी आकसते. चांगल्या यंत्राला हळू आवाज पुष्कळ, मध्यम आवाज बेताचा आणि मोठा आवाज जेमतेम वाढवून सारे बोलणे त्या आकसलेल्या जागेत बसवावे लागते. ही जागा प्रत्येकाची वेगळी असते आणि एकाच माणसाच्या दोन कानांतही वेगळी असू शकते. शेजाऱ्याची मशीन मागून लावून पाहणे किंवा वारलेल्या आत्याची मशीन मामांना देणे फसते ते यामुळेच.

हे शास्त्र तसे तरुण आहे. दुसऱ्या महायुद्धातून श्रवणशक्ती गमावून परतलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनातून त्याने आकार घेतला. अमेरिकेत रेमंड कार्हार्ट यांनी १९४६ मध्ये यंत्र निवडण्याची पद्धतशीर रीत मांडली. ऑस्ट्रेलियात १९४७ मध्ये सुरू झालेल्या ध्वनी प्रयोगशाळेने पुढे कोणत्या कानाला किती वाढ द्यावी याची सूत्रे घडवली, आणि ती आज जगभर वापरली जातात. भारतानेही फार वाट पाहिली नाही. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ ची, आणि मुंबईच्या नायर रुग्णालयातले या विषयाचे शिक्षणही त्याच दशकातले. १९८३ मध्ये मुंबईत वांद्र्याला राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिला अली यावर जंग यांचे नाव आहे. ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते, पण जन्माने हैदराबादचे आणि उस्मानिया विद्यापीठाचे एके काळचे कुलगुरू. ज्या हैदराबाद संस्थानात एकेकाळी आपले जालना होते, तिथल्याच एका शिक्षणतज्ज्ञाचे नाव देशातल्या या मोठ्या संस्थेला असावे, याचा मराठवाड्याच्या वाचकाला थोडा अभिमान वाटला तर तो गैर नाही.

आता या विषयाकडे जावे कसे? नवखा माणूस यंत्रापासून सुरुवात करतो: कंपनी कोणती, किती ‘चॅनल’ची, ब्लूटूथ आहे का, दिसते किती लहान. आमची विनंती अशी की हे सगळे शेवटी ठेवावे आणि सुरुवात स्वतःच्या दिवसापासून करावी. ऑस्ट्रेलियाच्या त्याच प्रयोगशाळेतून १९९७ मध्ये पुढे आलेली एक साधी रीत आज अनेक देशांतले तज्ज्ञ वापरतात. यंत्र घेणाऱ्याने आपल्याला जिथे ऐकायला अडते असे पाचपर्यंत प्रसंग महत्त्वाच्या क्रमाने सांगायचे. यंत्र लावल्यावर काही आठवड्यांनी त्याच प्रसंगांत किती फरक पडला ते तपासायचे. ‘सगळं नीट ऐकू यावं’ ही झाली इच्छा. गरज नेमकी असते: पुण्याच्या नातीचा फोन कळावा, दुकानात गिऱ्हाइकाने सांगितलेला आकडा चुकू नये, संध्याकाळी ओट्यावर चारचौघींत बसल्यावर बोलण्यात भाग घेता यावा, कीर्तनात मागे बसूनही निरूपण समजावे, रस्त्याने चालताना गाडी कोणत्या बाजूने येते ते कळावे.

ही यादी दिसते साधी, पण तिची प्रत्येक ओळ तज्ज्ञाला काहीतरी सांगते. गाडीची दिशा कळायची तर बहुतेकदा दोन्ही कानांना यंत्र लागते, कारण दोन कानांवर पडणाऱ्या आवाजातल्या फरकावरूनच मेंदू दिशा ओळखतो. चारचौघींच्या गप्पांसाठी समोरचा आवाज धरून मागचा कमी करणारे मायक्रोफोन उपयोगी पडतात. कीर्तनाची गोष्ट वेगळी. बोलणारा जितका दूर तितका आवाज क्षीण आणि घुमणे जास्त. इथे महागड्या यंत्रापेक्षा पुढे जाऊन बसणे किंवा वक्त्याजवळ ठेवायचा जोडमायक्रोफोन अधिक काम करतो. आणि जिचा दिवस घरातल्या दोन माणसांशी बोलण्यातच जातो, अशा आजीला लाखभराच्या यंत्राची गरज नसेलही. गरज लिहून काढली की पुष्कळदा खर्च कमी होतो.

कानाइतकाच विचार हातांचा आणि कपड्यांचा करावा. या यंत्रांचे बटणाएवढे सेल रंगाने ओळखतात: पिवळा १० क्रमांकाचा, तपकिरी ३१२, केशरी १३ आणि निळा ६७५. सेलवरचा कागद काढल्यावर आत हवा जाऊन तो जागा होतो, म्हणून मिनिटभर थांबून मग बसवावा. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना आणि संधिवाताच्या बोटांना पिवळा सेल बदलणे जमणार आहे का? नसेल तर मोठ्या सेलचे, कानामागे बसणारे किंवा चार्जिंगचे यंत्र बरे. पण चार्जिंगचे घेताना घरी वीज किती वेळ जाते तेही विचारात घ्यावे. खिशात ठेवायच्या दोरीच्या यंत्राचा मायक्रोफोन त्या डबीतच असतो. पुरुषाच्या बंडीच्या खिशात ते चालून जाते. बाई ते ब्लाउजला अडकवते आणि वरून पदर घेते. मग बोलणे पदराआड दबते आणि कापडाची खसखस तेवढी मोठी होऊन कानात येते. ती मशीन काढून ठेवते आणि आपण म्हणतो, आजीला सवय होत नाही.

गरज ठरली की मोजणी येते. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान तपासून घ्यावा; मळाचा बोळा काढल्यावर यंत्राची गरजच उरली नाही, असेही होते. कान वाहत असेल, चक्कर येत असेल, एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, तर यंत्राआधी निदान हवे. एकाएकी ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण तिथे उपचाराला पहिले काही दिवसच असतात. मग ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे, आवाजबंद खोलीत दोन्ही कानांचा आलेख काढला जातो. त्यासोबत शब्द ओळखण्याची चाचणी जरूर मागावी, आणि ती आपल्या भाषेत हवी. जालन्यात कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी दखनी, मारवाडी किंवा बंजारा बोली चालते. परक्या भाषेतले शब्द चुकले तर दोष कानाचा की ओळखीचा, हे कळत नाही.

यंत्र लावल्यावरची मोजणी आपल्याकडे बरेचदा राहून जाते. संगणकाच्या पडद्यावर दिसणारी वाढ आणि पडद्याजवळ, म्हणजे कानाच्या पडद्याजवळ, खरोखर पोचणारी वाढ यांत अंतर पडते, कारण प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळ्या मापाची असते. म्हणून केसासारखी बारीक मऊ नळी यंत्राशेजारून कानात सरकवतात, स्पीकरवरून बोलण्याचा आवाज देतात, आणि आत किती पोचले ते मोजून सूत्राने सांगितलेल्या रेषेशी ताडून पाहतात. याला ‘रिअल इअर’ मोजणी म्हणतात. ‘तुमच्याकडे ही मोजणी होते का?’ असे तुम्ही अवश्य विचारा. सगळीकडे सोय नसेल. पण प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक वाढले की सोयही वाढते.

पुढचे काम तक्रारी ऐकण्याचे. प्रत्येक तक्रारीमागे बहुधा एक दुरुस्ती असते, म्हणून ती घरच्या शब्दांत जशीच्या तशी सांगावी. ‘माझाच आवाज मडक्यात बोलल्यासारखा वाटतो’ म्हणजे कान गच्च बंद झाला आहे. यंत्राच्या कानात बसणाऱ्या साच्याचे हवेचे भोक वाढवून किंवा उघडी रबरी टोपी लावून कान मोकळा होतो. ‘शिट्टी वाजते’ म्हणजे साचा सैल झाला, यंत्र नीट बसले नाही किंवा कानात मळ साठला. ‘भांडी आदळली की टोचते’ म्हणजे मोठ्या आवाजाची कमाल मर्यादा खाली आणावी लागेल. ‘आवाज मधूनच जातो’ म्हणजे घाम किंवा पावसाळी ओल. रात्री सेलचे दार उघडून यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवावे. या दुरुस्त्यांसाठी दोन-तीन फेऱ्या होणारच. खरेदीपूर्वी त्या फेऱ्या किमतीत धरल्या आहेत का, परत करण्याची मुदत किती, साचा कोणाकडून आणि दुरुस्ती कुठे, हे लेखी विचारून घ्यावे.

सवयीचा भागही खराच आहे. चष्मा लावला की लगेच दिसते. कानाचे तसे नसते. वर्षानुवर्षे न ऐकलेले पंख्याचे घरघरणे, पिशवीची कुरकुर, स्वतःची पावले एकदम परत येतात, आणि त्यातले काय सोडून द्यायचे ते मेंदूला पुन्हा शिकावे लागते. पहिल्या आठवड्यात शांत खोलीत एकाच माणसाशी बोलावे, मग दोघांशी, मग बाजारात. घरच्यांनी समोर येऊन, तोंड दिसेल असे, जरा सावकाश बोलावे. दुसऱ्या खोलीतून हाक मारून यंत्राची परीक्षा घेऊ नये.

पैशांची बाजू थोडक्यात सांगतो. श्रवणयंत्रे काही हजारांपासून काही लाखांपर्यंत मिळतात आणि त्यांवर जीएसटी नाही. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असणाऱ्यांना केंद्राच्या एडिप योजनेतून, तर दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून यंत्र मिळू शकते. कानपूरची अलिम्को ही सरकारी संस्था त्यासाठी शिबिरे घेते. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना साहाय्यक साधनांसाठी एकदा ३००० रुपये दिले जातात. तपासणी आणि दाखल्याची चौकशी जिल्हा रुग्णालयात, योजनेची समाजकल्याण कार्यालयात करावी. अधिक तपासणी लागली तर छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय फार लांब नाही. शिबिरात मिळालेले यंत्रही तज्ज्ञाकडे नेऊन आपल्या कानाप्रमाणे लावून घेता येते का, हे जरूर विचारावे. फुकट मिळालेल्या यंत्रालाही माप लागतेच.

ज्यांना घरातल्या एका माणसासाठी वाट हवी आहे, त्यांनी पाच प्रसंगांची यादी करून सुरुवात करावी. आलेख आणि सूत्रे मागाहून समजतील. ज्यांना विषयातच शिरायचे आहे, विशेषतः बारावीनंतर काय करावे असा विचार करणाऱ्या मुलामुलींना, एक गोष्ट सांगावीशी वाटते. यंत्राची मोजणी करताना स्पीकरवरून जो बोलण्याचा नमुना जगभर वाजवतात, तो सहा भाषांतल्या स्त्रियांचे बोलणे बारीक तुकड्यांनी जोडून बनवला आहे: इंग्रजी, अरबी, चिनी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश. त्यात मराठी नाही. भारतातली कोणतीच भाषा नाही. तो नमुना बहुतेक भाषांना बऱ्यापैकी लागू पडतो हे खरे. तरी ख, छ, ठ, भ यांचे श्वास, ळ आणि ल यांतला फरक, मराठवाडी बोलण्यातला हेल, हे सारे जड झालेल्या कानाला आणि यंत्राला कसे पोचते, हे बारकाईने मोजायचे काम मराठी कानांनाच करावे लागेल. त्या कामाला माणसे हवी आहेत. जालन्यातून, मस्तगडच्या एखाद्या घरातून कोणी या वाटेला लागले, तर त्यांचे मनापासून स्वागत आहे.